सतरा नंबरचा पंप

साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायला पाच आठवडे उरले होते, तेव्हा इम्के ल्यूर्स पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन चुन्याच्या विभागात आली. हिल्डेसहाइमच्या पुढे, बीटाच्या सपाट शेतांच्या मधोमध हा कारखाना. तिथे इतकी वर्षं प्रत्येक पंपापासून, प्रत्येक झडपेपासून वेगळा तारांचा जुडगा कंट्रोल रूमपर्यंत जायचा. आता ते सगळं काढून एकच जांभळी केबल फिरवायची होती. तिच्यावर एकेचाळीस उपकरणं ओळीने लागणार. बोलणं सगळ्यांना ऐकू येणार, पण ज्याचा नंबर पुकारला त्यानेच उत्तर द्यायचं. कुठल्या नंबरवर कोण आहे, त्याला काय विचारायचं आणि त्याने काय करायचं, हे सगळं कॉम्प्युटरवरून भरून देणं हे इम्केचं काम. ती बाहेरच्या कंपनीकडून आली होती. वय तेहतीस, हाताला सफाई आणि स्वभावात घाई.

केबलला प्लग लावायचे आणि प्रत्येक उपकरणावरच्या दोन चिमुकल्या चकत्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून त्याला नंबर द्यायचा, हे काम हाइनर ओल्टमानकडे होतं. हाइनर कारखान्याचाच जुना इलेक्ट्रिशियन, एकसष्ट वर्षांचा. इम्के वॉकीटॉकीवरून नंबर पुकारी आणि तो त्या उपकरणाजवळून उत्तर देई.

"सव्वीस?"

"सव्वीस हजर आहे. तोंड पाडून बसलाय, पण आहे."

चौथ्या दिवशी अख्खी ओळच मुकी झाली. इम्केने अर्धा दिवस लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून काढला. शेवटी हाइनर टॉर्च घेऊन शिडीवर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "पोरी, नऊ नंबर दोघांना दिलाय. मास्तरांनी हजेरी घेतली आणि दोघांनी एकदम ओ दिली, तर मास्तर काय करणार?" चूक त्याचीच होती आणि तसं त्याने लगेच सांगूनही टाकलं. मग बायकोने, ट्राउटेने, दिलेला आलुबुखारचा केक डब्यातून काढून मोठा तुकडा इम्केपुढे सरकवला.

सप्टेंबरच्या मध्याला हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात सतरा नंबर त्रास द्यायला लागला. कालवलेला चुना पुढे ढकलणारा हा पंप केबलच्या एका फाट्यावर शेवटचा होता. दिवसातून चार-पाच वेळा, डोळा मिचकावेपर्यंत, त्याचा संपर्क तुटायचा. संपर्क तुटला की पंपाने आपणहून थांबायचं, अशी सोय केलेली होती. तिला वॉचडॉग म्हणतात. कॉम्प्युटरवर त्या उपकरणाच्या पानावर एका चौकोनात खूण केली की ती सोय चालू. पंप थांबला की मागचं सगळं थांबायचं आणि बाहेर बीटाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. कारखान्याचे प्रमुख डॉक्टर रोडेवाल्ड इम्केच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कारण नंतर शोधा," ते म्हणाले. "आधी तो पंप चालता ठेवा."

इम्केने ती खूण काढली. दोन दिवसांपुरती. कारण सापडलं की परत करायची, असं तिने मनाशी ठरवलं. कागदावर काही लिहिलं नाही, हाइनरलाही सांगितलं नाही. पंप चालू राहिला. दोन दिवसांनी तिला डेन्मार्कमधल्या एका दुधाच्या कारखान्यात पाठवलं. ती विसरली, असं पुढे ती स्वतःला सांगत असे. पण ते खरं नव्हतं. तिकडे असताना तीन वेळा तिला सतरा नंबर आठवला होता. तिन्ही वेळा तिने उद्या फोन करू म्हटलं.

नोव्हेंबरात एका दुपारी कंट्रोल रूममध्ये संदेश उमटला की सतरा नंबर उत्तर देत नाही. त्या विभागातला कामगार उल्फ बेन्के बघायला गेला. तेवढ्यात पुढची टाकी भरली, तिची झडप मिटली, पंपाला थांबायचा निरोप गेला. तो पोचलाच नाही. पंप बंद झडपेवर चुना रेटत राहिला आणि उल्फ समोर असतानाच नळाचा जोड सुटला. चुना त्याच्या तोंडावर उडाला. दोन जणांनी त्याला धरून अर्धा तास डोळ्यांवर पाणी ओतलं. डावा डोळा वाचला. उजव्याचं काही सांगता येत नाही, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्याने बोलावल्यावरून, इम्के आली. विभाग बंद होता, फरशीवर पांढरे डाग वाळले होते. तिने लॅपटॉप जोडला, सतरा नंबरचं पान उघडलं. चौकोन रिकामा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. तिने खूण केली आणि ते सगळं यंत्रणेत पाठवून दिलं. वीस सेकंद लागले असतील.

मग डॉक्टर रोडेवाल्ड आले. त्यांच्याबरोबर अपघाताची चौकशी करणारा अधिकारी होता आणि मागे हाइनर. हाइनरने सतरा नंबरचा प्लग उघडला, आत पाहिलं आणि उघडा प्लग तसाच तळहातावर धरून उभा राहिला.

"तार सैल आहे," तो म्हणाला. "हा प्लग मी बसवलाय. माझंच काम."

अधिकाऱ्याने तार नीट लावायला सांगितली. पंप चालू करून निरोपांच्या केबलचा प्लग ओढायला लावला; पंपाची वीज वेगळ्या तारेने येत होती. पंप लगेच थांबला.

"मग काल का नाही थांबला?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी इम्केकडे पाहिलं. तिच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं, शांत आणि पुस्तकातल्यासारखं. "तार सैल असली तर मधूनमधून संपर्क होत राहतो. पंपाला वाटतं सगळं ठीक आहे. अशा वेळी तो थांबत नाही."

असं खरंच होऊ शकतं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. हाइनरने मान हलवली, जणू त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं.

हाइनरला विजेच्या कामावरून काढून कोठारात बसवलं. पेन्शनीला सव्वा वर्ष राहिलं होतं, म्हणून तेवढ्यावर भागवलं, असं सगळे म्हणाले. त्याने एका शब्दाने हरकत घेतली नाही.

फेब्रुवारीत, हंगाम संपल्यावर, ओळीत आणखी सहा उपकरणं जोडायला इम्के परत आली. प्लग घ्यायला कोठाराच्या खिडकीशी जावं लागलं. हाइनरने सहा प्लग मोजून पुढे ठेवले. केस पार पांढरे झाले होते.

"कसे आहात?" तिने विचारलं.

"मजेत. हातमोजे देतो, सही घेतो." त्याने सहीची वही पुढे सरकवली. "एक विचारू का तुला? तार लावली की मी ती ओढून बघतो. चाळीस वर्षं बघतोय. तीही ओढली असणार ना मी? मला तर आठवतं ओढल्याचं. पण तार सैल होती, हेही मी याच डोळ्यांनी पाहिलं." तो हसला. "आता घरी गॅस बंद केला तरी तीनदा उठून बघतो. ट्राउटे म्हणते, एकदा बघितलंस ते कमी झालं का."

इम्केने प्लग उचलले आणि सही केली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून ती म्हणाली, "यंत्रं हादरतात. हादऱ्याने तारा सुटतात."

"असेल," हाइनर म्हणाला. मग त्याने एक काम सांगितलं. दर मंगळवारी तो उल्फला हानोफरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जात असे, उल्फला गाडी चालवायची मनाई होती. पण या मंगळवारी कोठारातला माल मोजायचा होता. "तू तिकडूनच जाणार आहेस. नेशील का त्याला?"

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं.

उल्फ बेन्के गडी दांडगा. गाडीत बसला की गुडघे पुढे टेकायचे. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. बराच वेळ तो दवाखान्यातलं सूप आणि बहिणीच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिला. मग मध्येच म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाली. तुला एक विचारायचंय. मधूनमधून संपर्क होत होता म्हणतात. मग पंपाचा आवाज वरखाली झाला असता, नाही का? मी अकरा वर्षं त्या पंपाशेजारी उभा आहे. त्या दिवशी तो एका सुरात चालला होता. जोड सुटेपर्यंत. मी त्या साहेबाला सांगितलं, त्याने लिहिलं नाही. म्हणाला, तुम्ही घाबरलेले होतात."

इम्के रस्त्याकडे बघत राहिली. पुढे दुधाची टाकी नेणारी गाडी होती. तिला ओलांडायला जागा होती, तरी तिने ओलांडलं नाही.

"त्याला थांबवणारी सोय मी बंद केली होती," ती म्हणाली. "सप्टेंबरात. अपघातानंतर सकाळी येऊन परत चालू केली. कोणी बघायच्या आत."

तिने बाजूला पाहिलं तर उल्फ आपल्या हातांकडे बघत होता.

"गाडी थांबवू का?" तिने विचारलं.

"नको. या तारखेसाठी सहा आठवडे थांबलोय मी."

दवाखान्यात ती दीड तास बाकावर बसली. उल्फ बाहेर आला तेव्हा पट्टी नवी होती. त्याने डोळ्याबद्दल काही सांगितलं नाही, तिचीही विचारायची हिंमत झाली नाही. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "हाइनरकडे चल. तो पाचला घरी येतो. मला जे बोलायचंय ते मी नंतर बोलेन. आज माझ्यात तेवढं बळ नाही."

हाइनरने दार उघडलं, अंगात स्वेटर, पायात घरातल्या सपाता. इम्केने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. मागे फाटकाशी उल्फ गाडीला टेकून उभा होता.

हाइनरने आधी इलेक्ट्रिशियनसारखेच प्रश्न विचारले. कुठल्या तारखेला? कोणाच्या सांगण्यावरून? जुनं पान अजून आहे का कुठे? तिने सांगितलं की आहे, तारखेसकट, तिच्या लॅपटॉपमध्ये.

"म्हणजे तू पुसलंही नाहीस."

"नाही."

"का?"

आतून ट्राउटेने विचारलं, कोण आहे. हाइनरने मागे न वळता सांगितलं, "कारखान्यातलं कोणीतरी आहे." मग तो तिच्याकडे वळला. "तार सैल होती ती होतीच. तो भाग माझा. तो मी तुमच्या गळ्यात घालणार नाही, बाई." पोरी नाही, तू नाही. "पण मी माझे हात बघत बसलो होतो. तीन महिने. जेवताना, झोपताना. तुम्ही ऑगस्टमध्ये इथे टेबलावर बसून जेवला आहात." त्याने उल्फला हाक मारली, "आत ये, थंडी आहे," आणि तो आत गेल्यावर दार लावून घेतलं.

इम्केने दुसऱ्या दिवशी सगळं लिहून दिलं. आपल्या कंपनीला, कारखान्याला आणि त्या अधिकाऱ्याला. डॉक्टर रोडेवाल्डांना आपण खुर्चीमागे उभं राहून काय म्हणालो ते आठवत नव्हतं. तिनेही त्यावर जोर दिला नाही. खूण तिच्या बोटाने काढली होती, आणि त्या सकाळचं वाक्य तिचंच होतं. कंपनीने तिला बाहेरच्या कामांवरून काढलं. प्रकरण कोर्टात जाणार हेही ठरलं.

एप्रिलमध्ये अधिकाऱ्याने सगळ्यांना परत बोलावलं. ती दुपार जशी होती तशी लावून बघायची होती, नळांत चुन्याऐवजी साधं पाणी. इम्केने लॅपटॉपवर सतरा नंबरची खूण काढली. हाइनरने प्लग ओढला. पंप थांबला नाही, एका सुरात चालत राहिला. उल्फ भिंतीशी उभा होता. तो सूर ऐकताच तो बाहेर निघून गेला. उजव्या डोळ्याने त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. अधिकाऱ्याने या वेळी सगळं लिहून घेतलं.

डॉक्टर रोडेवाल्ड हाइनरला म्हणाले की सोमवारपासून तुम्ही तुमच्या जुन्या कामावर या.

"येईन," हाइनर म्हणाला. "प्लग बसवीन. पण मी बसवलेली तार दुसऱ्याने ओढून बघायची आणि सही करायची. नाहीतर कोठारच बरं."

सगळे गेले. इम्के खूण परत करून लॅपटॉप मिटायला लागली, तेव्हा हाइनरने एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली.

"मिटू नका," तो म्हणाला. "सगळी पानं उघडा. पहिल्यापासून. मला वाचून दाखवा."

"सत्तेचाळीस आहेत."

"मोजता येतात मला."

तिने पहिला नंबर उघडला. काय आहे, कुठे आहे, खूण आहे की नाही, मोठ्याने वाचलं. हाइनरने चष्मा लावून पडद्यावर पाहिलं आणि आपल्या वहीत लिहिलं. मग दोन. मग तीन. बाहेर कोणीतरी फरशी धुवत होतं. तेराव्याला तिने घोटभर पाणी पिऊन पुढे वाचलं. हाइनर मान वर न करता लिहीत होता.

"चौदा," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "पुढे."