पेटीवर पास

आमच्या बँडचं कुठलंही गाणं आधी बाबांच्या पेटीवर पास व्हावं लागतं. हा नियम मीच केला आणि पस्तावलोही मीच. बाबा, म्हणजे रंगनाथ सर, कर्वेनगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. दर गुरुवारी भजनाला पेटीची साथ करायचे. आम्ही रॉक वाजवतो हे त्यांना मान्य नव्हतं, पण गाणं तपासायला आणलं की मान्य-अमान्य बाजूला ठेवून, चष्मा पुसून पेटीसमोर बसायचे. सगळे आवाज काढून टाकल्यावर नुसत्या पेटीवर जे उभं राहतं ते गाणं, असं त्यांचं म्हणणं. निकाल दोनच. "बसलं" किंवा "पडलं". पडलं तर का पडलं ते सांगायची पद्धत नव्हती.

बँडचं नाव 'एक ते चार'. सुरुवातीला तालीम आमच्याच फ्लॅटमध्ये व्हायची आणि सोसायटीने जिन्यात पाटी लावली, 'एक ते चार वाजवू नये. इतर वेळीही विचार करावा.' त्या पाटीवरून नाव घेतलं आणि तालीम वाघोलीला हलवली. तिथे आमचा ड्रमर रविराज याच्या घरच्यांची एक रिकामी शेड आहे. आजूबाजूला सगळीकडे बिल्डिंगा उठल्या, तेवढी शेड राहिली. बेस आणि आवाज साठवून वाजवायचं मशीन अस्मिताकडे. गिटार, गाणं आणि भांडणं माझ्याकडे.

भांडण नेहमीचंच. मला ध्रुवपद आणि अंतरा असलेलं, माणसाला गुणगुणता येईल असं गाणं हवं असतं. अस्मिताच्या मते गुणगुणता आलं म्हणजे ते आधी कुणीतरी गुणगुणलेलं असतं. ती आवाज गोळा करते. कुकरच्या शिट्ट्या, बसचं दार, शेडच्या पत्र्यावर चालणारं कबुतर. शेवटी या अल्बमसाठी तह झाला. आठ गाणी. पेटीवर पास झालं की त्या गाण्याचं अस्मिताने काय वाटेल ते करावं. सात गाणी पास झाली.

आठवं बाकी असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तीन आठवड्यांनी बोलणं परत आलं, आणि तेही होतं तेवढंच खोचक. उजवा हात काही परत आला नाही. आई त्यांच्या बोटांना तेल लावते आणि विचारते, "कळतंय का?" ते म्हणतात, "तू लावतेयस हे दिसतंय."

मी रडलो नाही. ऑफिसला गेलो, डबा खाल्ला, गाडीची सर्व्हिसिंग करून आणली. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. हात बाबांचा गेला होता, पण बधिर मीही झालो होतो.

एके दिवशी शेडमध्ये अस्मिता म्हणाली, "काकांचं पेटीचं एखादं रेकॉर्डिंग दे ना."

मी फोन उघडला. लॅपटॉप उघडला. नव्हतंच. सहा वर्षं, दोन अल्बम, पन्नासेक गाणी त्यांनी वाजवून बघितली आणि आम्ही एकदाही रेकॉर्ड केलं नाही. ती नुसती तपासणी होती ना. कबुतराची मात्र चाळीस मिनिटं होती.

"आपण गाढव हाय," रविराज म्हणाला. त्यावर कुणी वाद घातला नाही.

आठवं गाणं तयार होऊन पडलं होतं. पण बाबांनी "बसलं" म्हटल्याशिवाय ते घ्यायचं नाही, असा मी हट्ट धरला. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. हे गाणं संपलं की बाबांसमोर पेटी उघडायला मला निमित्तच उरणार नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं घरी गेलो. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. तो तिथे नुसता पडून राहिला. मग डाव्या हाताने भाता हलवायला लागले.

"गा," म्हणाले.

मी गायलो. सूर एकही लागला नाही, नुसती हवा येत-जात होती. ध्रुवपदाला भाता संथ, अंतऱ्याला जरा घाईत, समेला दाबून. चार मिनिटं त्यांनी अख्खं गाणं तसंच वाजवलं. अस्मिताने या वेळी दोन माइक लावले होते, एक माझ्यासमोर आणि एक भात्याला चिकटवून.

"तिसरं कडवं जास्त आहे," बाबा म्हणाले. "काढ. मग बघू."

कारण सांगून निकाल त्यांनी पहिल्यांदाच दिला.

शेडमध्ये पुन्हा जुंपली. अस्मिताला फक्त हवा ठेवायची होती, गाणं नको. मला कुणीतरी पेटीवाला बोलवून सूर भरायचे होते. रविराज म्हणाला, "सूर कशाला भरतोस? सर वाजवतातच हायत. तू तिसरं कडवं सोडून दे आणि त्याच्यावरच गा." स्वतः त्याने ड्रमला हातही लावला नाही. आम्ही तसंच केलं.

पुढच्या रविवारी मी बाबांच्या कानावर हेडफोन चढवले. ते डोळे मिटून ऐकत होते. डाव्या हाताचा अंगठा मांडीवर हलत होता. संपल्यावर हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

"बसलं," म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण यज्ञेश्वर, पेटीचा भाता गळतोय. पट्टी न दाबता चार मिनिटं हलतोय म्हणजे काय? धड असता तर हवा भरून तिथल्या तिथे अडला असता. दुरुस्तीला टाक."

"कशाला?" मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. आईचा हात त्यांच्या बोटांवर तेल लावता लावता थांबला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात गणित न समजलेल्या पोराकडे बघायचे तसं, न चिडता.

"वाजवायला," म्हणाले.

मी पेटी उचलली, खाली आणली आणि स्कूटरवर पायांशी ठेवली. किल्ली लागेना. मला लाज वाटत होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं आणि ते हे होतं. पार्किंगमध्ये उभा राहून मी रडलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "गाडी बंद पडली का?" मी मानेनेच हो म्हणालो.

बिबवेवाडीच्या पेटीवाल्याने भाता दोनदा दाबून बघितला.

"बराच गळतोय. घाई आहे का?"

"आहे," मी म्हणालो.