थेंब घालायला कोण

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या ताईंच्या चष्म्यावर दिवसभर वाफ बसायची. पुसला की घटकाभर दिसायचं, पुन्हा सगळं धूसर. शेवटी वैतागून त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

बाईंनी चष्मा घालवणाऱ्या लेसरचे तीन प्रकार समजावले. एकात बुबुळावरचा पापुद्रा उचलून आत लेसर मारतात नि तो परत बसवतात. दुसऱ्यात बारीक छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात. तिसऱ्यात वरची साय काढून थेट लेसर. दुखेल का, हे ताईंनी विचारलंच नाही.

"सोबत माणूस किती दिवस लागतं?"

"पहिल्या दोन्हींत घरी न्यायला आलं की झालं. तिसऱ्यात तीन-चार दिवस डोळे उघडवत नाहीत. थेंब घालायला कोणीतरी हवं."

"मग पहिलं करा."

"तुमचं बुबुळ पातळ आहे हो. तिसरंच जमेल. घरी कोण आहे?"

"भाऊ आहे," ताई म्हणाल्या. तो होता, पण त्याच्या घरी.

त्यांनी त्याला फोन लावला. विषय निघायच्या आधीच तो म्हणाला, "तुझं बरंय ताई, तुला कधी कोणाची गरजच पडत नाही. इथे एकाचे मोजे हरवतात, दुसऱ्याचं डोकं." ताई हसल्या. विषय तसाच राहिला.

मग त्यांनी सराव मांडला. खाटेवर आडवं व्हायचं, डोळे मिटून पाण्याची बाटली चाचपायची, पापणी ओढून थेंब सोडायचा. थेंब कानात जाई, उशीवर पडे. एकदा नेमका डोळ्यात पडला. "बघितलंस?" त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, आणि पुन्हा बाटली चाचपू लागल्या.

ठरल्या दिवशी नर्सने विचारलं, "सोबत कोण?"

"मी थेंब शिकलेय. डोळे मिटून घालते."

"शिकलात हो मावशी. पण मी तुम्हाला कोणाच्या हाती देऊ?"

ताई बाहेर पायरीवर येऊन बसल्या. फोन लावला.

"तू म्हणाला होतास ना, गरज पडत नाही. पडलीय."

पलीकडे पोरांचा गोंधळ चालू होता. मग दार लागल्याचा आवाज आला, नि गोंधळ थांबला.

"कुठे बसलीयस?" भावाने विचारलं.

ताईंना एकदम पत्ता आठवेना.