बाळकृष्णरावांची सरळ गाडी

विनुताने बुलेटच्या पोटाखाली विटांचा थर सरकवला, पुढचं चाक अधांतरी झाल्याची खात्री केली आणि दोन बोटांनी हँडल हळूच डावीकडे ढकललं. हँडल हललं नाही. तिने तिसरं बोट लावलं, मग तळहात. तेव्हा कुठे आतून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि हँडल एकदम सुटून पार डाव्या टोकाला आदळलं. परत आणताना मधोमध पुन्हा तसाच आवाज झाला आणि ते तिथेच रुतून बसलं, उशीत डोकं रुतावं तसं.

“गाडीस गुदगुल्या करतीस कां?” ओट्यावरून सासऱ्यांचा आवाज आला. एका हातात कॉफीचा डवरा, दुसरा हात खांद्यापाशी बांधलेला.

“मामा, हें मध्यें अडकतंय बघा.”

“अडकत नाहीं. सरळ राहतंय. तिचा स्वभावच तसा.”

बाळकृष्णरावांना रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गाडीवरून मात्र ते निवृत्त झाले नव्हते. तरुणपणी घेतलेली ही बुलेट आणि तिचा हा सरळ स्वभाव, दोन्हींची तंजावरात कीर्ती होती. मोठ्या देवळासमोरून जाताना बाळकृष्णराव दोन्ही हात सोडून नमस्कार करत आणि गाडी रेषा मारल्यासारखी पुढे जाई. घरात याला भक्ती म्हणत, शेजारी कसब म्हणत. चौकातला पोलीस काहीच म्हणत नसे, कारण तोही त्याच वेळी हात जोडत असे.

फक्त ती वळत नसे. म्हणजे बाळकृष्णरावांना वळवता येई. खांदा घालून, दात आवळून, म्हशीला पाण्यातून काढावं तशी. इतरांना मात्र ती सरळ गटारात नेई. विनुताचा नवरा श्रीहर्ष एकदा गाडीसकट गटारात जाऊन आला आणि नंतर त्याने चेन्नईत नोकरी धरली. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं तो सांगतो.

यंदा मात्र खांद्याने दगा दिला. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. लगेच बेंगळूरहून पुतण्याचा, भरद्वाजचा, फोन आला. त्याचं तिकडे कॉफीचं दुकान होतं आणि त्या दुकानाचं वैशिष्ट्य असं, की तंजावरच्या घरांतून निघालेल्या वस्तू भिंतीवर टांगलेल्या असत: तारा नसलेली वीणा, कुणाच्या तरी आजोबांची छत्री, पितळी पिकदाणी. आता त्याला भिंतीवर बुलेट हवी होती. खाली टेबल मांडून तो लोकांना निर्भेळ दुधाची डिग्री कॉफी पाजणार होता.

बाळकृष्णरावांनी हो म्हटलं. पण इडलीवर तूप घेता घेता एक अटही घातली.

“रविवारीं भरद्वाजचा टेम्पो येण्याच्या आधीं या घरांत ज्यास ती ह्या गल्लींत एका दमांत वळवतां येईल, गाडी त्याची. नाहीं तर बेंगळूर.”

‘त्याची’ म्हणताना त्यांनी विनुताकडे पाहिलं नव्हतं. घरात त्या वेळी तिच्याखेरीज दुसरं कुणी होतं ते म्हणजे तिची सासू अंबुजा, आणि अंबुजा गाडीवर कायम मागे बसत आलेली.

विनुता मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. मैत्रिणीच्या नव्या मोटरसायकलवर इंग्रजी आठचा आकडा काढून तिने लायसन्स मिळवलं होतं, पण सासऱ्यांच्या बुलेटवर तिला अजून एकचा आकडाच काढता येत होता. लग्न होऊन आल्यावर या घरातली तिला पहिल्या दिवसापासून आवडलेली गोष्ट ही बुलेटच; नवरा सावकाश आवडला. गाडीचा आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून बाहेर येई आणि कुणी विचारलं तर दूधवाला आला वाटलं म्हणून सांगे. ती गाडी भिंतीवर टांगलेली पाहणं तिला जमणार नव्हतं.

द्यायचीच तर धुऊन द्यावी, असं सांगून तिने गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाला गणेशकुमार स्वतः न्यायला आला. कोपऱ्यावर दोघांनी मिळून पुढचं चाक उचलून ती वळवली, नेहमीसारखी.

गणेशकुमारचं गॅरेज दोन पिढ्यांचं. आपला पूर्वज इथल्या मराठे राजांच्या तोफखान्यात होता, असं तो सांगे. तंजावरातल्या मराठी माणसाचा पूर्वज एक तर तोफखान्यात असतो, नाही तर ग्रंथशाळेत. चारचौघांसारखा भाजी विकणारा पूर्वज कुणालाच लाभलेला नाही. घरी तमिळच बोलणारा गणेशकुमार गिऱ्हाईक मराठी असलं, की आजीकडून राहिलेलं मराठी बाहेर काढी.

“हँडलचा कोनसेट बदलायचा,” विनुता म्हणाली. “छर्रे काढून टेपर रोलर बेअरिंग बसवूं. चेन्नईहून मागवलेंत मीं.”

“अय्यो अक्का, ओरिजिनल आहे तें. हात लावूं नये.”

“ओरिजिनल काय आहे?”

“सगळंच.”

“उघड तर. बघूं किती ओरिजिनल आहे तें.”

हेडलाइट उतरला, हँडल उतरलं, चाक धरणारा पुढचा चिमटा खाली सरकला आणि छर्रे वाळलेल्या मिऱ्यांसारखे पत्र्याच्या ताटलीत टपटपले. गणेशकुमारने हँडलच्या दांड्याची वाटी रॉकेलने धुऊन उजेडात धरली. वाटीच्या कडेने एकेका छर्ऱ्याचा खड्डा पडला होता, एकाशेजारी एक, बोटाला लागण्याइतका खोल. गाडी सरळ असली, की सगळे छर्रे आपापल्या खड्ड्यात जाऊन बसत आणि मग ढकलल्याशिवाय उठत नसत.

“हा स्वभाव,” विनुता म्हणाली.

गणेशकुमार बराच वेळ वाटी फिरवत राहिला. दर नवरात्रात आयुधपूजेला बाळकृष्णराव गाडी इथे आणत. झेंडूची माळ, हेडलाइटला गंध, चाकाखाली लिंबू आणि मग शेवटचा विधी: स्टिअरिंगचा नट थोडा आवळायचा. वाहन वर्षभर आपल्या मुठीत राहावं म्हणून. आधी गणेशकुमारचा बाप आवळी, मग गणेशकुमार. बाळकृष्णराव शेजारी उभं राहून ‘अजून थोडं’ म्हणत.

“म्हणजे अक्का,” तो म्हणाला, “दरसाल पूजा करून करून आम्हीच हें...”

“भक्तीनं केलंत,” विनुता म्हणाली. “नवीन वाट्या दे.”

नव्या वाट्या बसल्या, रोलर ग्रीसमध्ये बुडून आपल्या जागी गेले. आता नट आवळायची पाळी आली आणि गणेशकुमारच्या हाताने, त्याला न विचारता, पान्याला सगळा जोर दिला. विनुताने चाक उचलून हँडल ढकललं. जुन्या दारासारखं ते कुरकुरत गेलं आणि जिथे सोडलं तिथेच थांबलं.

“सोड थोडा.”

“ढिला पडेल, अक्का. रावांस घट्ट लागतं.”

“रावांचं घट्ट त्या ताटलींत पडलंय. सोड.”

त्याने सोडला. तिने पाहिलं, पुन्हा सोडायला लावला. चिमटा धरून पुढे-मागे हिसकून पाहिला, खटखट नव्हती. मग तिने हँडल मध्यावर धरून अलगद बोट काढून घेतलं. हँडल क्षणभर थांबलं आणि मग आपल्याच वजनाने एका बाजूला कललं, दुपारच्या तासाला शेवटच्या बाकावरच्या मुलीची मान कलते तसं, आवाज न करता.

“बास,” विनुता म्हणाली.

गणेशकुमारने ते स्वतः चारदा करून पाहिलं. मग दुकानातल्या देवाच्या तसबिरीकडे एकदा पाहून पान्याला फडकं गुंडाळलं.

रविवारी भरद्वाजचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. भरद्वाजने दोर आणले होते, जुन्या चादरी आणल्या होत्या आणि गाडी किती उंचीवर टांगायची याचा खूण केलेल्या भिंतीचा फोटोही आणला होता.

“काका, खालून लाइट मारणार. लोकं बघतच राहतील.”

“ती कुठं जाणार नाहीं, म्हणजे बघतीलच,” अंबुजा दारातून म्हणाली.

विनुताने चुडीदारची ओढणी कमरेला गच्च बांधली आणि किक मारली. गाडी दुसऱ्या किकला बोलली. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. विनुता याआधी दोनदा पडली होती, तेव्हाही ही माणसं वेळेवर आली होती. एका बाईने आपली सायकल आत घेतली.

विनुता गल्लीच्या टेम्पोकडच्या टोकापर्यंत गेली. तिथे एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि मध्ये जागा अशी, की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला विचार करावा लागे. तिने गती उतरवली, नजर गटारावरून उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे लावली आणि हँडलला सांगायचं तेवढंच सांगितलं. बुलेटचं पुढचं चाक टाकीच्या कडेने फिरलं, गटाराच्या काठाशी येऊन पुढे सरलं, आणि तो सगळा अवजड जीव तिच्याखालून एका दमात गोल फिरून घराकडे तोंड करून चालू लागला. पाय टेकला नाही. इंजिनाचा ठेकाही चुकला नाही.

सायकल आत घेतलेली बाई टाळ्या वाजवू लागली. मग सगळीच वाजवू लागली. विनुताने उत्साहात तसंच आणखी एकदा वळवून दाखवलं आणि नंतर, कारण कुणी अडवत नव्हतं, आणखी एकदा.

बाळकृष्णराव ओट्यावरून उतरले. त्यांनी खांद्याला बांधलेलं फडकं सोडलं, नेसलेली वेष्टी दुमडून कमरेला खोवली.

“दे इकडं.”

“तुमचा खांदा...” विनुता म्हणाली.

“माझी गाडी मला कळते.”

ते बसले, निघाले आणि टाकीपाशी येताच सवयीने खांदा घालून, दात आवळून हँडलवर तुटून पडले. विरोध करायला तिथे कुणीच नव्हतं. बंद समजून ढकललेलं दार उघडंच निघावं तसे ते गाडीसकट डावीकडे गेले. सावरायला तेवढ्याच ताकदीने उजवीकडे गेले. आणि मग डावी-उजवी करत, बघणाऱ्यांना भिंतींकडे ढकलत, टेम्पोच्या मागच्या चाकाला हळूच टेकून थांबले. भरद्वाजच्या चादरी हातातून खाली पडल्या.

कुणी हसलं नाही. एवढी सभ्यता त्या गल्लीत होती.

“बिघडवलीस,” बाळकृष्णराव म्हणाले.

“एका बोटानं बघा, मामा.”

त्यांनी रागाने एक बोट हँडलवर ठेवलं. चाक वळलं. दुसऱ्या बाजूने बोट लावलं. चाक परत आलं. त्यांनी मग आपल्या बोटाकडे पाहिलं. इतकी वर्षं ते त्यांच्याच हाताला होतं आणि त्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

अंबुजा दारातून उतरून गाडीपाशी आली होती. ती गाडीकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत होती.

“म्हणजे आधीं ती वळतच नव्हती?”

“वळत होती. जागा लागत होती.”

“भामाच्या गल्लींत तेवढी जागा नाहीं,” अंबुजा सावकाश म्हणाली.

बाळकृष्णराव वेष्टीच्या टोकाने हेडलाइट पुसू लागले. तो स्वच्छच होता.

भामा म्हणजे अंबुजाची धाकटी बहीण, पापनाशमला दिलेली. तिच्या लग्नात बाळकृष्णरावांच्या पानावर पायसम, म्हणजे खीर, वाढायचं राहिलं, आणि तेव्हापासून त्यांनी तिचा उंबरा ओलांडला नाही, ही गोष्ट दोन्हीकडच्या नातेवाइकांत सर्वश्रुत होती. कुंभकोणमला जाताना गाडी पापनाशममधून सरळ पुढे निघून जाई आणि मागे बसलेली अंबुजा त्या गल्लीच्या तोंडाकडे मान वळवून बघत राही. भामाकडचे समजूत घालायला दोनदा येऊन गेले होते. एकदा तर पातेलंभर पायसम घेऊन आले होते. बाळकृष्णरावांनी ते खाल्लं, छान झाल्याचं सांगितलं, आणि गेले मात्र नाहीत. लोक त्यांना मानी म्हणू लागले. त्यांनी म्हणू दिलं. ज्याची गाडी वळत नाही असा माणूस, यापेक्षा मानी माणूस म्हणवून घेणं केव्हाही बरं.

“गाडी मोठ्या रस्त्यास ठेवून चालत जातां आलं असतं,” अंबुजा म्हणाली.

“मीं? चालत? सासुरवाडीच्या माणसांकडे?”

अंबुजा वळली. घरात गेली. बाहेर आली तेव्हा केसांत गजरा होता, पदर खोचलेला होता आणि हातात मुरुक्कूचा, चकल्यांचा, डबा होता. ती येऊन विनुताच्या मागे बसली आणि डबा दोघींच्या मध्ये घट्ट धरला.

“काकी, आतां गाडी चढवायची ना?” भरद्वाजने दोर हातात घेत विचारलं.

“ती पापनाशमला चाललीय,” अंबुजा म्हणाली. “चल ग.” गल्लीच्या तोंडाशी तिने मागे मान वळवली, तेव्हा बाळकृष्णराव टेम्पोच्या पायरीकडे बघत होते.

तंजावर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना भात सुरू झालं, मध्ये मध्ये कालव्याचं पाणी. विनुता वळणांची वाट बघत होती. एकेक येई आणि गाडी त्यात अशी झुके, की अंबुजा मागून “अय्यो” म्हणे. पहिलं अय्यो भीतीचं होतं. अय्यमपेट्टै गावाच्या पुढची नव्हती.

“सावकाश जाऊं कां, अम्मा?”

“कशाला?”

पापनाशमच्या बाजारात अंबुजाने उजवा हात लांब करून दाखवला. गल्ली खरोखरच अरुंद होती. तोंडाशी देवळाची भिंत, पुढे लगेच काटकोन, काटकोनात कुणी तरी लावून ठेवलेली मोपेड. विनुताने तिन्ही गोष्टींकडे पाहिलं नाही. गाडी भिंतीला, कोपऱ्याला आणि मोपेडला काही न करता आत शिरली, आणि त्या गल्लीत पहिल्यांदाच बुलेटचा आवाज दोन भिंतींमध्ये घुमला, इतका मोठा, की वाळत घातलेल्या वडामांच्या पापड्यांवरचे कावळे उडाले.

भामा हातातली कावळे हाकायची काठी तशीच धरून दारात आली. तिने बहिणीला पाहिलं, गाडी पाहिली, गाडी चालवणारीला पाहिलं. मग ती गल्लीच्या तोंडाकडे बघू लागली.

“अक्का! आणि भावजी?”

अंबुजा सावकाश उतरली. साडीच्या निऱ्या नीट केल्या, डबा बहिणीच्या हातात दिला.

“येताहेत,” ती म्हणाली. “मागनं. टेम्पोंतनं.”