माझी सरळ रेघ

माझी पणजी म्हणजे पाण्यावर तरंगणारी पितळी घंटा. माणसाने नळीत श्वास सोडला की ती डौलाने वर उचलली जाई. आजी म्हणजे काजळी धरलेल्या कागदाचे फिरते पिंप. त्यावर सुई श्वासाची नक्षी कोरी. आई एका लेखणीची पेटी होती. आणि मित्रांनो, मी त्याच घराण्यातली, तीन लेखण्यांची जुनी श्वासपेटी आहे. आमच्यात कुणी कधी खोटी रेघ ओढली नाही. हे आधीच बजावून सांगते, कारण माझ्यावर तोच आळ आला.

तरुणपणी माझी रबरी नळी फाटली आणि मला भंगाराच्या हातगाडीवर चढवले गेले. प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली एक मुलगी धावत आली.

"अहो थांबा! नळीच तर फाटलीय, जीव नाही गेला हिचा!"

तिने मला खाली उतरवले, नळी बदलली, दातेरी चाकांना तेल दिले. पुढे झोपेतल्या श्वासाच्या आजारांवर संशोधन करून ती नावारूपाला आली. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणू लागले. तिचे ऋण मात्र माझ्या माथ्यावर राहिले.

झोपलेल्याच्या छातीला एक पट्टा, पोटाला एक आणि नाकाखाली बारीक नळी, असा आमचा थाट. काहींचा घसा झोपेत आतून मिटतो. छाती धडपडते, पण नाकातून वारा हलत नाही. तेव्हा माझी वरची, नाकाच्या वाऱ्याची लेखणी सरळ रेघ ओढते. मग माणूस दचकून, घुर्र करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. जागा झाल्यावर त्याला काही आठवत नाही. अंग तेवढे जड असते. छापखान्यातल्या एका कामगाराला सोबती 'झोपाळूशेठ' म्हणून चिडवत. तो आळशी नसून आजारी आहे, हे माझ्या कागदाने सिद्ध केले. जाताना त्याने माझे झाकण थोपटले. असा मान मी पुष्कळ मिळवला.

एकदा तुलनेसाठी निरोगी माणसाचा आलेख हवा होता. "मीच झोपते की," म्हणत डॉक्टरबाई जेवणानंतर आडव्या झाल्या. माझ्या लेखणीने सरळ रेघ ओढली. उठल्यावर त्यांनी कागद पाहिला.

"लेखणी अडकली. म्हातारी झाली बिचारी."

हे मला म्हणाल्या! त्यांनी लेखणी पुसली, पुन्हा झोपल्या. मी पुन्हा तेच लिहिले. मग माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली आणि पडद्याचे नवे यंत्र आले. दिवसा बाईंचे डोळे मिटत, बैठकीत मान डुले. कामाचा शीण, असे त्या म्हणत. दुसऱ्यांची झोप मोजणाऱ्या बाईंना स्वतःची झोप तपासावी, हे सुचलेच नाही.

नवे यंत्र तपासायच्या दिवशी त्यांची गाडी फाटकाच्या खांबाला घासली. शेजारी बसलेली त्यांची थोरली बहीण तणतणतच आत आली.

"भर दुपारी गाडी चालवताना डुलकी? मारतेस का मला, चिमणे?"

"ताई, थकवा आहे गं नुसता."

यंत्र तपासायला बाई झोपल्या. पडद्यावरही सरळ रेघ उमटली. तंत्रज्ञ म्हणाला, "हेही बिघडलं वाटतं, त्या जुन्या पेटीसारखं."

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "दोन्ही यंत्रं खोटी आणि ही एकटी खरी काय? आणा ती जुनी पेटी!"

माझी धूळ झटकली, नळ्या जोडल्या आणि बाई पुन्हा झोपल्या. दोन्ही यंत्रांवर एकाच क्षणी रेघ सरळ झाली. बाईंची छाती झटत होती, श्वास येत नव्हता. ताईंचा चेहरा उतरला. "अगं चिमणे, श्वास घे!"

घुर्र झाले. बाई जाग्या झाल्या. पडद्याशेजारी माझा कागद धरून त्यांनी एकेक रेघ ताडून पाहिली.

"म्हणजे रोगी मीच."

"तूच. आणि खरं बोलली म्हणून हिला अडगळीत टाकलंस!"

उपचार सुरू झाले. आता त्या मुखवटा लावून झोपतात. त्यातला हलका वारा घसा उघडा ठेवतो. गाडी त्याच चालवतात आणि शेजारी डुलकी काढतात त्या ताई.

मित्रांनो, घोरणाऱ्याला हसू नका, त्याला तपासायला न्या. आणि जुन्या यंत्राने नको ते सांगितले म्हणून त्याला मोडीत काढू नका; आधी त्याचे ऐका.

मुखवट्यासह पहिली तपासणी झाली, तेव्हा बाईंनी मलाच मागून घेतले. माझी वरची लेखणी उठत राहिली, उतरत राहिली, लाटेमागून लाट, कागद संपेपर्यंत. जिने मला भंगारातून उतरवले होते, तिच्या हाती मी तिचा अखंड श्वास ठेवला. ऋण पुरते फिटले.