अंधाऱ्या खोलीतला अर्धा तास

लाइट गेली की माझी भाची दिव्यश्री उंबऱ्याला ठेचकाळायची आणि तिच्यामागोमाग माझा धाकटा भाऊ विराटही. "दोघं सारखेच धांदरट, जोडा शोभेल," असं आई म्हणायची. आम्हा बेंगळूरच्या मराठ्यांत भाचीवर पहिला हक्क मामाचा, त्यामुळे लग्न ठरायला वेळ लागला नाही. मीही हसायचे. मल्लेश्वरमच्या दवाखान्यात रोज लोकांचे डोळे तपासणारी मी! त्या हसण्याची मला आजही चीड येते.

लग्नाला अकरा दिवस उरले होते. तिन्हीसांजेला मी पुढे केलेला कॉफीचा पेला दिव्यश्रीला दिसलाच नाही, तेव्हा कुठे मी तिला दवाखान्यात बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी विराटच तिला स्कूटरवरून घेऊन आला.

तपासणीआधी अर्धा तास अंधारात बसावं लागतं; विराटही आमच्यासोबत आतच बसला. मंद उजेड टिपणाऱ्या पेशींतून अंधारात सतत वीज वाहत असते. उजेड पडला की ती थांबते आणि ते थांबणं हाच मेंदूला निरोप. तिच्या डोळ्याच्या कडेला मी तार बसवली. अगदी मिणमिणती चमक सोडली की यंत्राच्या लाल काचेमागच्या पडद्यावर लाट उठायला हवी होती.

रेघ सरळच राहिली. मी पुन्हा चमक सोडली, तरी सरळच.

"मावशी, झालं?"

"हलू नकोस गं."

पेशी मरत होत्या. पुढेमागे दिवसाचं दिसणंही जाणार होतं. हा दोष आईबाप दोघांकडून येतो. एकाचे डोळे धड असले तर मुलं बहुधा वाचतात, दोघांत तोच दोष असला तर एकही सुटत नाही. विराटचे डोळे धड आहेत ना, असं म्हणून मी स्वतःला सावरलं.

"विराट, टेबलावरची पांढरी वही दे."

एव्हाना अंधाराला सरावल्यामुळे दाराच्या पडद्याच्या फटीतून येणाऱ्या पुसट उजेडात मला टेबल, वही, त्याचं घड्याळसुद्धा दिसत होतं. त्याचा हात वहीशेजारून गेला, मग टेबलाच्या रिकाम्या कडेवर फिरत राहिला.

"अक्का, स्वल्प लाइट लाव की. इथं कुणाला काय दिसणार?"

"हो ना," म्हणत दिव्यश्री हसली. तोही हसला.

मला रडू आवरेना, पण दिवा मी लावला नाही.

"दिव्यश्री, ऊठ. विराट, आता तू बस."

स्टूल त्याच्या गुडघ्यापाशीच होतं. दोन्ही हात पुढे करून तो ते शोधत होता.