हौसेचा गुन्हा

लेबुसा मांडीभर पाण्यात उभा राहून फान वेकचा गळ वाळुंजाच्या फांदीतून सोडवत होता, तेवढ्यात गारा सुरू झाल्या. आधी पाण्यावर, मग टोपीवर, मग मानेत.

"तुटू देऊ नकोस हं!" काठावरून फान वेक ओरडला. "मी स्वतः बांधलेली माशी आहे ती!"

लेबुसाने फांदीच मोडून घेतली आणि पिसांच्या त्या खोट्या माशीसकट काठावर आला. तिघेही धावत कड्याखालच्या कपारीत शिरले. निघताना इतकं कडक ऊन होतं की दोन्ही पाहुण्यांनी अंगातले कोट काढून लेबुसाच्या पाठपिशवीत कोंबले होते. मग बोचरा वारा सुटला, आणि आता हे. पानगळीच्या दिवसांत मालुतीच्या डोंगरांवर आभाळ एका सोंगात फार वेळ टिकत नाही. लेबुसाने कोट काढून दोघांना दिले.

फूरीने थर्मास उघडला आणि पहिला पेला लेबुसापुढे धरला. फूरी तसा भला माणूस होता. निवृत्त, गोल चेहऱ्याचा, सकाळपासून मासा लागला नाही तरी हसतमुख. फान वेक त्याचा मेहुणा. त्याला हसू येत नव्हतं.

"तुझ्या नदीत मासे आहेत ना रे?" त्याने विचारलं.

"आहेत, न्ताते," लेबुसा अदबीने म्हणाला. "आज त्यांना आपण आवडलेलो दिसत नाही."

फूरी खो खो हसला. लेबुसाने कॉफीचा घोट घेतला. तुझ्या नदीत! खालच्या पुलापासून वरच्या धबधब्यापर्यंत नदी पाहुण्यांच्या लॉजकडे गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. गावातल्या काहींना लॉजवर काम मिळालं. त्या बदल्यात गावच्या कुणीही या पाण्यात गळ टाकायचा नाही असं ठरलं. वाटाड्यांनीसुद्धा नाही. लेबुसा रोज पाहुण्यांना मासे दाखवायचा, त्यांचे गुंते सोडवायचा, त्यांनी धरलेला मासा दोन्ही हातांत तोलून हळुवारपणे पाण्यात परत सोडायचा. स्वतःच्या हाताला माशाचा हिसका कसा लागतो, ते त्याला आताशा मुद्दाम आठवावं लागे.

गारा थांबल्या तशा एकदम थांबल्या. ऊन पडलं. समोरच्या उतारावरचे पिवळे पॉप्लर धुतल्यासारखे उजळले.

"चला," लेबुसा म्हणाला. "धबधब्याखालचा डोह बाकी आहे. तो शेवटाला ठेवला होता मी."

वळण ओलांडून ते डोहापाशी आले आणि लेबुसा जागीच थबकला. डोहाकाठच्या सपाट खडकावर, खांद्यावर घोंगडी टाचून, पायांत रबरी बूट घालून त्याची आत्या बसली होती. मान्त्साने. हातात वेळूची काठी, काठीला दोरा. आणि तो दोरा ताठ होता.

मासा मोठा होता. दोरा पाणी कापत एकदा धबधब्याकडे गेला, एकदा खालच्या वेताकडे. मान्त्साने उठून उभी राहिली. काठी वाकली की ती दोन पावलं पुढे जाई, सैल पडली की मागे येई, आणि तोंडाने माशाशी काहीबाही बोलत होती.

"ओढू नको, ओढू नको, पळू दे त्याला!" फान वेकच्या तोंडून निघून गेलं. मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्याने ओठ मिटले.

मान्त्सानेने मान वळवली. तिला भाचा दिसला, पाहुणे दिसले. ती तसूभरही दचकली नाही.

"लेबुसा! जाळं आहे ना तुझ्याकडे? मग आण की! नवरीच्या भावासारखा उभा काय राहिलायस?"

पुढचं त्याने केलं ते विचार करून नव्हे. जाळं पाठीवरून काढून तो पाण्यात उतरला, मासा वळण्याची वाट पाहिली आणि खालून उचलून घेतला. ट्राउट होता, कोपराएवढा. पोटाकडे सोनेरी, कल्ल्यांवर लाल झाक. आत्या आणि तो दोघंही वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"तू तिला मदत केलीस?" मागून फान वेकचा आवाज आला.

लेबुसा सरळ झाला. हातातलं जाळं ठिबकत होतं.

"आम्हाला सांगितलं होतं की ही नदी फक्त पाहुण्यांसाठी आहे," फान वेक म्हणाला. "आम्ही पहाटेपासून गारठतोय ते काय गावकऱ्यांचा खेळ बघायला? ही आहे कोण?"

"अरे, जाऊ दे रे," फूरी मध्ये पडला. तो आफ्रिकान्समध्ये बोलत होता, आवाज खाली आणून, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. "म्हातारी आहे. उपाशी असेल बिचारी. पोटासाठी माणूस काय काय करतं." आणि मग लेबुसाकडे वळून इंग्रजीत, "तिला सांग, मासा घेऊन जा म्हणावं. आमची काही तक्रार नाही. आणि हेही दे." त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं आणि तो स्वतःच दोन पावलं पुढे आला.

लेबुसा आत्याकडे वळला. "राखादी, ते म्हणताहेत मासा घेऊन जा. घे आणि नीघ. पाया पडतो तुझ्या."

"उपाशी म्हणाला ना तो मला?" मान्त्साने भाच्याला गावच्या भाषेत म्हणाली. "सांग त्याला, सकाळी मक्याची उकड खाल्लीय, पाला खाल्लाय, वर वाडगाभर आंबट दूध प्यायलेय. ढेकर द्यायचा तेवढा राहिलाय, तो आता देते म्हणावं."

लेबुसाने घसा साफ केला. "ती आभार मानतेय, न्ताते."

"मी आभार मानलेले नाहीत," मान्त्साने म्हणाली. आफ्रिकान्समध्ये. स्पष्ट, सीमेपलीकडे फिक्सबर्गला साहेबलोकांच्या स्वयंपाकघरांत अर्धं आयुष्य काढलेल्या बाईच्या आफ्रिकान्समध्ये.

फूरीचा हात सँडविचसकट तसाच पुढे राहिला.

"मी उपाशी नाही, साहेब. माझ्या घरात घेवडा आहे, ज्वारी आहे, गोठ्यात मेंढ्या आहेत. तुम्ही इतक्या लांबून का आलात? उपाशी होतात?"

"नाही, आम्ही..." फूरी चाचरला. "आम्हाला आवडतं म्हणून. हौस आहे."

"मग माझीपण हौसच आहे."

"हौस?" फान वेक पुढे झाला. "भूक असती तर एक वेळ गोष्ट वेगळी होती. हौसेसाठी म्हणजे ही सरळसरळ चोरी झाली, बाई."

मान्त्सानेने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मान डोलावली. "बघ, या माणसाला कळलं. चोर म्हणा, साहेब. चालेल. भिकारीण म्हणू नका."

फूरीने सँडविच कोटाच्या खिशात घातलं. ते खिशात मावत नव्हतं. तो कागद चुरगाळत बराच वेळ कोंबत राहिला. लेबुसाला आधी आत्याचा राग आला होता. तो राग आता हळूहळू जागा सोडत होता आणि दुसरीकडे जाऊन बसत होता. या डोहात आत्यानेच त्याला पोहायला ढकललं होतं. आणि आज तिने इथे असण्यासाठी उपाशी असायला हवं होतं. उपाशी असती तर सगळे भले झाले असते. फूरी भला, तो स्वतःही भला. गावाच्या तोंडातून मासा वाचवायचा तो कशासाठी, तर लांबून आलेल्या कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या ओठात गळ रुतवावा आणि मग त्याला हळुवार सोडून दिल्याचं समाधान घेऊन घरी जावं. हे हळुवार सोडणं रोज त्याच्याच हातून होत होतं.

"आता तुझं काम कर," मान्त्साने त्याला म्हणाली. तिने मासा जाळ्यातून काढला, दगडाच्या एका घावात शांत केला आणि गवतात गुंडाळला. "ते बोलायचं यंत्र आहे ना कमरेला? कळव."

"राखादी, खोत्लात निवाड्याला उभं राहावं लागेल. मोरेनासमोर, सगळ्या गावासमोर."

"मग? त्यासाठीच तर भरदिवसा बसले. नदी दिली तेव्हा सभा कधी भरवली होती, आठवतंय? आम्ही बायका घेवड्याच्या काढणीला गेलो होतो तेव्हा. संध्याकाळी येऊन बघतो तर नदी गेलेली. विचारायला जावं तर म्हणे सभा झाली. आता आरोपी म्हणून तरी बोलू देतील की नाही?"

धबधब्याच्या माथ्यावर पुन्हा ढग उतरत होते. लेबुसाने वॉकीटॉकी काढला. पलीकडून लॉजचा व्यवस्थापक डंकन बोलला. सगळं ऐकून तो वैतागला, पण फारसा नाही.

"असेल कुणीतरी उपाशी म्हातारी. हाकलून दे. मोसम संपत आलाय, उगाच लफडं नको."

"उपाशी नाही," लेबुसा म्हणाला. "हौसेने धरत होती."

"काय?"

"हौसेने. तसंच मोरेनाला कळव. नाव मान्त्साने, माझ्या वडिलांची बहीण." त्याने बोट बटणावरून काढलं नाही. "आणि जाळं माझं होतं. तेही कळव."

परतीच्या वाटेवर बर्फ भुरभुरायला लागलं. फूरी एकदाच बोलला. "मला तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला. लेबुसाने त्याला ओढ्यातल्या निसरड्या दगडावरून हात दिला.

खोत्ला भरला त्या दिवशी डोंगरमाथे पांढरे होते आणि खाली लख्ख ऊन होतं. दगडी भिंतीच्या आडोशाला गावचा मुखिया, मोरेना, खुर्चीवर बसला होता, शेजारी डंकन, आणि समोर घोंगड्या पांघरलेले पुरुष. मागच्या बाजूला बायका उभ्या होत्या. नेहमीपेक्षा जास्त.

मोरेनाला प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "विधवा आहे," तो म्हणाला. "वय झालंय. भूक कुणाला चुकलीय? लॉजवाल्यांचीही काही हरकत नाही. या खेपेला गावाने माफ केलं असं समजा."

डंकनने हसून मान हलवली.

"मोरेना, माफी नको," मान्त्साने म्हणाली. "माफ केलंत तर मी परत जाईन. मग परत माफ करावं लागेल. तुमचे गुडघे दुखतात, असं किती वेळा या खुर्चीवर येऊन बसाल?"

पुरुषांत हशा पिकला. मोरेना हसला नाही.

"मला गळ टाकायला माझ्या आईने शिकवलं," ती पुढे बोलू लागली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हशा विरला. "आमच्या घरी तेव्हाही खायला होतं. आईला आवडायचं म्हणून ती जायची. शेतातून पाठ मोडून आली की पाण्याकडे जायची आणि परत येताना गाणं म्हणायची. नदी कुणाला दिली, का दिली, हे तुम्ही ठरवलंत. पण आमच्या वाट्याला फक्त भूक ठेवलीत आणि हौस त्यांना देऊन टाकलीत. हे कुठल्या सभेत ठरलं, तेवढं मला सांगा."

मोरेनाने काठीने जमिनीवर रेघ ओढली, पुसली. मग त्याने लेबुसाला उभं केलं.

"तू पाहिलंस. ही बाई उपाशी होती की नव्हती?"

एक शब्द पुरला असता. डंकन त्याच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत धमकी नव्हती, उलट, बाबा, सोपं करून टाक, अशी विनवणी होती.

"नव्हती, मोरेना," लेबुसा म्हणाला. "ती मासा खेळवत होती. आणि मला बघायला मजा वाटत होती."

दंड झाला. एक मेंढी. मान्त्सानेने तो तिथल्या तिथे मान्य केला आणि मोरेनाला वाकून नमस्कार केला. नदीचा प्रश्न पुढच्या सभेत घेऊ, असं मोरेना उठता उठता पुटपुटला. कुणाच्या तरी बायकोने मागून मोठ्याने विचारलं, "ती सभा कधी?" पण तोवर तो उठला होता.

भिंतीबाहेर डंकनने लेबुसाला बाजूला घेतलं. "सोमवारपासून काही दिवस घरीच राहा," तो म्हणाला. "पुढच्या मोसमात बघू." लेबुसाने लॉजचं चिन्ह असलेला कोट उतरवला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. डंकनला तो नेमका कसा धरावा कळेना.

वाट चढणीची होती. मान्त्साने पुढे चालली होती आणि तिच्याभोवती चार-पाच बायका गोळा झाल्या होत्या. लेबुसा सदऱ्यावरच, हात काखेत खुपसून मागून येत होता. त्याच्या कानावर बोलणं पडत होतं.

"पण मान्त्साने, गळाला लावलं काय होतंस?"

"टोळ."

"या थंडीत टोळ कुठे मिळतात गं? आणि मोठा मासा बसतो कुठे? मी तर लग्नानंतर नदीकाठी उभीसुद्धा राहिले नाही."

"ते मला काय विचारतेस?" मान्त्साने न थांबता म्हणाली. "मागे बघ की. मासे दाखवणं हाच धंदा आहे त्याचा. आणि सोमवारपासून मोकळा आहे."

बायका थांबल्या. सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं.

लेबुसाने डोंगराकडे नजर टाकली. माथ्यावरचा ढग खाली सरकत होता.

"सोमवारी बर्फ पडेल," तो म्हणाला. "उद्याच या."