माझ्या पोटावरचा मीटर

दचकू नका, ही घरघर माझीच. मी ऑक्सिजनचं मशीन. खोलीतली हवा आत ओढायची, चाळायची आणि त्यातला प्राणवायू नळीतून माणसाच्या नाकाशी नेऊन द्यायचा, हे माझं काम. ते मी चोख करतो. उगाच विनय कशाला?

जन्म कारखान्यातला. तिथून असलं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात आलो. फळीवर बसल्या बसल्या माणसांची एक सवय पाहिली. मशीन घेताना ती वजन विचारतात, आवाज विचारतात, रंगसुद्धा विचारतात. विम्यातून किती पैसे मिळणार, हे मात्र बिल हातात पडल्यावर.

मला न्यायला आलेली मुलगी तशी नव्हती. दाराची कडी वाजली तरी दचकणारी, पण प्रश्न विचारून तिने दुकानदाराला घाम फोडला. "डॉक्टरांची चिठ्ठी आधी लागते ना? तुमचं दुकान विमा कंपनीला चालतं? विकतच घेतलं तर?"

"विकत घेतलंत तर कंपनी पैसे देत नाही, ताई. भाड्याने घेतलंत तर देते. सुरुवातीचा ठरलेला खर्च तुमचा. मग महिन्याच्या भाड्यातला मोठा वाटा त्यांचा, लहान तुमचा. फक्त वापर दिसला पाहिजे. आमचा माणूस अधूनमधून येऊन आकडा बघतो."

तो आकडा माझ्या पोटावर असतो. मी किती तास चाललो, ते सांगतो.

मी अप्पांच्या पलंगाशेजारी उभा राहिलो. अप्पा तिचे वडील, उभा जन्म टॅक्सी चालवलेले. फुप्फुसं थकलेली, जीभ नाही. माझा आकडा त्यांनी पहिल्याच दिवशी हेरला. लेक कामावर गेली की माझं बटण बंद! "गप रे. घरात बसून मीटर पाडतोस होय?" मग खिडकीशी धापा टाकत बसायचे, आणि ती यायच्या बेताला मला चालू करायचे. मला भोंगा आहे, पण तो वीज गेल्यावर वाजतो, माणूस हट्टाला पेटल्यावर नाही.

दुकानाचा माणूस आकडा टिपून गेला आणि विमा कंपनीच्या बाईंचा फोन आला. "वापर फार कमी दिसतोय, मॅडम. म्हणजे पेशंटला गरज नाही. पुढच्या महिन्यापासून भाडं देता येणार नाही."

कंपनीविना माझं भाडं त्या घराला झेपणारं नव्हतं. मी परत जाणार होतो, आणि माझ्याबरोबर अप्पांचा श्वास.

लेकीने फोन ठेवला नाही. आवाज कापत होता, शब्द नाही. "गरज आहे. डॉक्टरांची नवी तपासणी पाठवते. पुन्हा आकडा बघा आणि मग ठरवा." बाई कबूल झाल्या.

मग ती वळली. "अप्पा, मशीन बंद करता तुम्ही?"

"मीटर पडतोय, पोरी! तू राबतेस आणि हा बसून भाडं चढवतो."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिला हसूच आलं. "अप्पा, गिऱ्हाइकाने अख्ख्या दिवसाची गाडी ठरवली, तर मीटर बघायचात?"

"छे! ठरलं ते ठरलं. मग कुठंही फिरवा."

"हे महिन्याचं ठरलंय. चालवलं तरी भाडं तेवढंच. उभं ठेवलं, तर मात्र गाडी काढून नेतात."

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "हे मला आधी कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," ती हळूच म्हणाली. "सगळं मीच समजून घेतलं आणि माझ्यापाशीच ठेवलं."

दुकानाचा माणूस पुन्हा आला, तेव्हा अप्पांनी मला स्वतः फडक्याने पुसलं होतं. "बघ, बघ आकडा! गाडी एकदाही उभी केली नाही." भाडं चालू राहिलं.

तुमच्या घरी माझं एखादं भावंड येणार असेल, तर विम्याचं सगळं आधी विचारा. आणि ज्याच्या नाकाशी नळी लागणार आहे, त्यालाही शेजारी बसवून सांगा.

जन्मभर लोकांना पोहोचवणारे अप्पा आता मागच्या सीटवर बसलेत. मधूनच डोळा उघडून आकडा बघतात. तो वाढलेला दिसला की नाकाशी नळी नीट करतात आणि मला म्हणतात, "शाब्बास. घे पुढं."